पुंजाकाका बाजूला झाले

ट्रक पप्पांनी लिलावात घेतला. मिलिटरीनं वापरून मोडीत काढलेला. कॅबिन एवढी उंच की पायरीवर पाय ठेवून वर लटकावं लागतं. चालू झाला की शेजारच्या बागेतली पाखरं एका दमात उडतात. आपल्या गाडीला मिलिटरीचा हिरवा रंग ठेवता येत नाय, म्हणून पप्पांनी विटकरी मारला. पण टायर अन् आवाज मिलिटरीचाच.

आमचं गाव निफाडच्या अलीकडं. नाशिकची लोकं रविवारी द्राक्षं तोडायला अन् फोटो काढायला येतातच. पप्पांच्या डोक्यात आलं, यांना ट्रक चालवायला द्यायचा. ज्यांनी जन्मात स्टेअरिंग धरलं नाय त्यांनापण.

"मजा आली पाहिजे, पण कुणाला खरचटलंसुद्धा नाय पाहिजे," पप्पा म्हणाले. "प्लॅन तू कर, योगे. कॉलेज सोडून घरात भांडत बसण्यापेक्षा बरं."

मी भांडत नाय. लोकं भांडण होईल असं बोलतात. पण प्लॅन मी केला, आणि चांगला केला. मागच्या साली बाग काढून टाकलेला तुकडा मोकळा होता, तिथं चुन्याच्या फक्कीनं रस्ता आखला. एक सरळ पट्टा, एक मोठं वळण, मग एक अवघड अरुंद वळण, की परत सुरुवातीला. बांधाच्या बाजूनं मातीनं भरलेली पोती लावली. ॲक्सिलेटरच्या खाली लाकडाचा ठोकळा बसवला, म्हणजे कुणी घाबरून पाय दाबला तरी ट्रक पळायचा नाय. शिकणाऱ्याच्या बाजूला मी बसणार, हात कायम हँडब्रेकवर.

रस्त्यावर अडथळे म्हणून पप्पांनी ड्रम आणले होते. ट्रायलला माझा चुलतभाऊ लखन ड्रमला धडकला अन् दात काढून हसला. दुसऱ्यांदा मुद्दाम धडकला. तेव्हाच मी ड्रम काढून टाकले. ड्रमला धडकून माणूस काय शिकणार? तिथं बुजगावणी पाहिजेत. समोर माणूस उभा दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जातो.

कडबा होता, बांबू होते, फुटकी मडकी होती. कपडे नव्हते. म्हणून शेजारी नवसाकाकूंकडं गेले.

नवसाकाकूंचा नवरा, पुंजाकाका, ट्रक ड्रायव्हर होता. मी बालवाडीत असताना द्राक्षं घेऊन कलकत्त्याला गेला तो आलाच नाय. गाडी एका ढाब्यावर सापडली. चावी गाडीलाच होती, चप्पल कॅबिनमध्ये, माणूस नाय. पोलिसांनी शोधलं, भावानं शोधलं. काकू तेव्हापासून कुंकू लावून दाराकडं तोंड करून बसतात. म्हणजे बसत नाय, दिवसभर राबतात, पण तोंड दाराकडंच.

मी जुने कपडे मागितले तेव्हा त्यांनी पेटी उघडली अन् पुंजाकाकांचाच शर्ट काढला. निळ्या रेघांचा, इस्त्री केलेला. खाली खाकी पँट.

"काकू, बुजगावण्याला पाहिजे."

"माहितीय. त्यालाच दे."

"ट्रक घासून गेला तर फाटंल."

"त्यासाठीच देते." त्यांनी शर्टाची बटणं एकएक लावली, जसं कुणी आत आहे. "गोटीराम आला होता काल."

गोटीराम म्हणजे पुंजाकाकांचा धाकटा भाऊ. त्यांच्या घरात सारखी दुखणी चाललीत. कुणीतरी सांगितलं, भाऊ मेलाय, पण त्याचं काहीच केलं नाय म्हणून भटकतोय. त्र्यंबकला जायचं, दर्भाचा पुतळा करायचा, तो जाळायचा, म्हणजे माणूस मेला. त्यासाठी बायकोनं हो म्हटलं पाहिजे अन् कुंकू पुसलं पाहिजे. काकू हो म्हणत नव्हत्या.

"मग मी त्याला म्हटलं, कौल लावू," काकू म्हणाल्या. "देवाला फूल चिकटवतो ना आपण, उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाय? तसं. रविवारी हा बाहुला ट्रकच्या रस्त्यावर उभा राहील. ट्रकनं त्याला पाडला, तर अमावास्येला मी त्र्यंबकला येते. दिवस मावळेपर्यंत उभा राहिला, तर तो जिवंत हाय, परत कुणी विषय काढायचा नाय."

माझं डोकंच फिरलं. "काकू, मी लोकांना ड्रायव्हिंग शिकवणारे. देऊळ नाय उघडलं."

"मग देऊ नको का शर्ट?"

मी शर्ट घेतला. मनात म्हटलं, पुंजाकाकांना पार कोपऱ्यात उभं करते, जिथं आंधळ्याचापण ट्रक जायचा नाय. काकूंचं कुंकू राहील, विषय संपेल.

पण रविवारी सकाळी धुकं होतं, निफाडची थंडी अशी की बोटं वळत नव्हती, आणि मी शेतात पोचले तर गोटीरामतात्या आधीच येऊन उभे. मफलर डोक्याला, हातात पहार.

"कोपऱ्यात उभा केलास होय?" ते म्हणाले. "कौल हाय का चेष्टा? इथं घे." त्यांनी अवघड वळणाच्या ऐन मध्ये पहारीनं खड्डा घेतला. बांबू त्यात रोवला, दगड ठोकून घट्ट केला. मी फक्कीनं भोवती गोल काढला, कारण माझा नियमच होता, बुजगावण्याभोवती गोल. त्याला घासलं की राउंड संपला.

"पहिल्याच फेरीत पडंल," तात्या म्हणाले. आवाजात आनंद नव्हता. नुसते दमलेले वाटले.

काकू बांधावर चूल मांडून पाहुण्यांसाठी भजी तळत बसल्या. पाठ आमच्याकडं होती.

पहिली आली ती नाशिकच्या गंगापूर रोडची एक बाई, शाळेत शिकवणारी, गॉगलवाली. शिकवायला सोपी होती, सांगितलं की ऐकायची. "क्लच पूर्ण. आता पहिला. हळू सोडा. नाय नाय, झटका नाय, लोणी काढतो तसं." ट्रक हलला की ती ओरडली, "अगं बाई, चालतोय हा!" मला हसू आलं. सरळ पट्टा, मोठं वळण, मग अवघड. माझी नजर तिच्या पायांवर होती. नवीन माणसाचे पायच बघावे लागतात, रस्ता नाय. तिनं हॉर्न दिला. नंतर वळून ट्रक जागेवर आला, हँडब्रेक ओढला.

"छान चालवला, मॅडम."

"पण ते मध्ये कोण उभे होते? तुमचा माणूस आहे का?" तिनं गॉगल वर केला. "मी हॉर्न दिला तसे बाजूला झाले. असं मध्ये उभं राहू देऊ नका कुणाला. धोक्याचं आहे."

"ते बुजगावणं होतं, मॅडम."

ती हसली. मीपण हसले. मग खाली उतरून वळणाकडं बघितलं अन् हसू थांबलं. फक्कीचा गोल जागेवर होता. मध्ये खड्डा होता, दगड तसेच ठोकलेले. पुंजाकाका गोलाच्या बाहेर होते. लांब नाय, हातभर. बांबू मातीत सरळ रोवलेला, भोवतीची माती दवानं ओली अन् सपाट. कुणी उपटून परत रोवलं असतं तर माती उकरलेली दिसली असती.

मला वाटलं तात्यांनी केलं. पण तात्या तर पार पाण्याच्या टाकीजवळ पप्पांशी बोलत उभे. लखन तिकिटाच्या टेबलावर. काकू भज्यांपाशी.

मी गपचूप बांबू उचलून परत खड्ड्यात ठोकला. लय जड लागला. कडब्याचं बुजगावणं मी स्वतः बांधलं होतं, ते एका हातानं उचलायचे मी. आता दोन्ही हात लावले तरी गुडघ्यावर घ्यावं लागलं.

दुसरा आला तो एक रील बनवणारा पोऱ्या, केसाला रंग. ट्रकपेक्षा फोनशीच जास्त बोलत होता. अवघड वळणाला आल्यावर म्हणाला, "दीदी, ह्याला उडवू का? व्ह्यूज येतील."

"उडवलं तर राउंड संपला. आणि फोन खिशात."

"संपू दे ना." त्यानं स्टेअरिंग तसंच सरळ ठेवलं.

ह्यावेळी मी पाय नाय बघितले. समोर बघितलं. हँडब्रेकवर हात होता, ओढू शकले असते. नाय ओढला. खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं.

ह्या ट्रकची एक गोष्ट सगळ्यांना मी आधीच सांगायचे. नाक लय उंच हाय, त्यामुळं अगदी समोर उभा असलेला माणूस दिसतच नाय. आधी कंबर जाते, मग छाती, मग डोकं. तुम्हाला वाटतं रस्ता मोकळा. पुंजाकाकांचं तसंच झालं. आधी खाकी पँट गेली, मग निळ्या रेघा, मग मडकं. बॉनेटच्या खाली गेले. मी धक्क्याची वाट बघितली. बांबू मोडल्याचा आवाज येईल, कडबा घासेल.

काहीच आलं नाय. ट्रक तसाच पुढं गेला, जशी रिकामी माती.

आणि माझ्या बाजूच्या आरशात पुंजाकाका उभे होते. रस्त्याच्या कडेला, नीट, अंग चोरून. गाडी जाऊ देणारा माणूस उभा राहतो तसे.

पोऱ्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "दीदी, तो सरकला."

"गप. पुढं बघ. क्लच."

उतरल्यावर त्यानं भजीपण घेतली नाय, बाईकला किक मारली अन् गेला. रील पण नाय काढली त्यानं.

ओझरच्या विमानतळावरून उठलेलं विमान धुक्यातून गेलं. दिसलं नाय, नुसता आवाज डोक्यावरून गेला. मी भडकून काकूंकडं गेले.

"काकू, तुमचाच कौल अन् तुम्हीच त्याला हलवता?"

काकूंनी झारा कढईवर आपटला. "मी जागची हलले का बघ. पीठ बघ हाताला."

"मग कोण?"

त्या वळल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी शेताकडं बघितलं. पुंजाकाका वळणाच्या कडेला उभे, बाह्या वाऱ्यानं हलत होत्या. काकू बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "अंग चोरून उभं राहायची सवयच हाय त्याला."

तेवढ्यात तात्या पळत आले. त्यांनीपण बघितलं होतं. "वहिनी, आता तरी पटलं का? मेलेलं माणूसच असं हलतं! मी काय वेगळं सांगत होतो? भटकतोय तो!"

"मेलेलं माणूस ट्रकला कशाला भीतंय?" काकू म्हणाल्या. "जीव असल्यावरच जीव वाचवतो माणूस. अन् दिवस मावळला नाय अजून."

दोघं एकाच गोष्टीकडं बघत होते अन् दोघांना उलटंसुलटं दिसत होतं. पप्पा मध्ये पडले. म्हणाले, "योगे, बंद करू का?"

"लोकं आलीत," मी म्हटलं. "कुणाला काय झालंय का? नाय ना? मग चालू द्या." माझ्या प्लॅनमध्ये कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. भुताच्या नावानं मी दिवस वाया घालवणार नव्हते.

दुपारभर लोकं येत गेली. एक म्हातारे बाबा आले, त्यांना आयुष्यभर ट्रक चालवायचा होता अन् बायकोनं चालवू दिला नव्हता. एक नवराबायको आले, गिअरवरून भांडले. मज्जा येत होती लोकांना, खरंच येत होती, हसण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. आणि वळणावरून आलेला प्रत्येक जण, कुणी सहज, कुणी कुरकुरत, तेच सांगायचा. ते काका झाले बाजूला. चांगले आहेत हो काका, हात दाखवला मी तर सरकले. म्हाताऱ्या बाबांनी तर वळून वाकून नमस्कार केला.

दुपार कलल्यावर मी परत खड्ड्यात ठोकायचं सोडून दिलं. प्रत्येक फेरीला ते रस्त्यापासून थोडे लांब गेलेले दिसायचे. एकदा बांधाच्या कडेला. एकदा मातीच्या पोत्यांच्या पलीकडं. मग पोत्यांपासून आमच्या फाटकाच्या दिशेला.

शेवटचं माणूस गेलं तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. तात्या टाकीला टेकून बसले होते. मी किल्ली काढायला कॅबिनमध्ये चढले, तर शेजारच्या दारातून नवसाकाकू वर यायला लागल्या. पदर कमरेला खोचलेला. पायरी उंच होती, दोनदा पाय घसरला.

"काय, काकू?"

"मला शिकव."

"आत्ता?"

"सगळ्या गावाला शिकवलंस. मी काय टाकून दिलेली हाय?" त्या धापा टाकत बसल्या अन् स्टेअरिंगला हात लावून बघितला. "सगळ्यांना चुकवतोय दिवसभर. मला चुकवतो का बघायचंय."

मी जागा बदलली. हँडब्रेकवर हात ठेवला अन् दिवसभर सांगत होते तेच सांगितलं. क्लच पूर्ण. पहिला. हळू सोडा. काकूंचे पाय जेमतेम पोचत होते, पण पाय घाबरट नव्हते. ट्रकनं एक झटका दिला अन् निघाला. त्या ओरडल्या नाय. समोर बघत होत्या.

सरळ पट्टा गेला. मोठं वळण गेलं. मी पायांकडं बघितलंच नाय.

पुंजाकाका वळणाच्या ऐन मध्ये होते. थोड्या वेळापूर्वी फाटकाकडं होते, आता परत गोलात, जिथं सकाळी तात्यांनी रोवलं होतं, तिथं. आमच्याकडं तोंड करून. मडक्याला डोळे मी काढले नव्हते, तरी बघत होते हे कळत होतं.

काकूंनी हॉर्न नाय दिला. "पुंजा," त्या म्हणाल्या, हळू, जसं जेवायला बोलवावं. "मी हाय. थांब तिथंच."

मला हँडब्रेक ओढायचा होता. ओढता आला नाय. जर थांबला तर चाकाखाली जाणार अन् त्र्यंबकला पुतळा जळणार. जर नाय थांबला तर. ते पुढचं मी विचारात घेतलंच नव्हतं.

खाकी पँट गेली. निळ्या रेघा गेल्या. मडकं गेलं. ट्रक त्यांच्यावरून गेल्यासारखा गेला, अन् काहीच लागलं नाय.

काकूंनी आरशात बघितलं. मीपण बघितलं. ते कडेला उभे होते. पण आता पाठ होती आमच्याकडं. बटणं दिसत नव्हती. शर्टाची पाठ, ताठ इस्त्रीची, अन् खांदे वर उचललेले. कुणी हाक मारलेली ऐकून न ऐकल्यासारखं करतं तसे.

काकूंनी स्वतःच क्लच दाबला, ब्रेक दाबला. ट्रक थांबला. फुस्स करून हवा सुटली.

"जिवंत हाय," मग त्या म्हणाल्या.

"हो, काकू. तुमचा कौल..."

"मला चुकवतोय." त्यांचा आवाज रडका नव्हता, आश्चर्य वाटल्यासारखा होता. "एवढी वर्षं मला वाटलं, कुठं अडकला असंल. आजारी पडला असंल. याद गेली असंल. चावी गाडीला ठेवून गेला तो. मागून येणाऱ्याला गाडी नेता यावी म्हणून ठेवली असंल. गाडीची काळजी होती त्याला."

तात्या पळत दाराशी आले. "वहिनी, उतरा. अमावास्येचं मी बघतो सगळं. तो असा..."

"अमावास्येचं काय नाय," काकू खिडकीतून म्हणाल्या. "मेलेल्याचं श्राद्ध घालतात, तात्या. पळून गेलेल्याचं नाय घालत. पुतळाबितळा काय जाळायचा नाय. उद्यापासून माझ्या दारात त्याचं नाव घेऊन यायचं नाय, तुम्हीपण अन् त्यानंपण." मग माझ्याकडं वळल्या. "हा ट्रक घरी कोण नेतं?"

"मी. शेडला."

"मी नेते."

शेड आमच्या फाटकातून बाहेर पडून, शेताच्या रस्त्यानं थोडं पुढं. दुसऱ्या कुणाला मी नेऊ दिलं नसतं. तो तर माझा सगळ्यात पक्का नियम होता, शिकाऊ माणूस रस्त्यावर नाय. पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, हँडब्रेक माझ्या हातात होता, अन् काकूंचा पाय त्या दिवशीच्या सगळ्या लोकांपेक्षा स्थिर होता. पप्पांनी फाटक उघडलं. आम्ही चालण्याच्या वेगानं निघालो. अंधार पडायला लागला होता, मी हेडलाइट लावले.

फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला पुंजाकाका उभे होते.

मी त्यांचे हात आडव्या बांबूचे बांधले होते, दोन्ही सरळ. आता एक हात वर होता. हायवेला गाडी मिळावी म्हणून माणूस करतो तसा, अंगठा नाय, पंजा, वर करून, थोडा हलवत. ह्यावेळी ते बाजूला झालेले नव्हते. दिव्याच्या उजेडात आले तरी जागचे हलले नाय. शर्टाची बटणं परत समोर होती. घ्या मला, असं.

मी काकूंकडं बघितलं. त्यांना दिसत होतं. दिसत नाय असं होऊच शकत नव्हतं, उजेड ऐन पुंजाकाकांवर होता. काकूंचा पाय ब्रेकच्या वर गेला. थांबला. माझा हात हँडब्रेकवर होता. मी ओढणार नव्हते. हे माझं नव्हतं.

पाय परत ॲक्सिलेटरवर आला.

"योगे," काकू म्हणाल्या, नजर समोर ठेवूनच, "दुसरा गिअर कसा टाकायचा?"

मी त्यांचा हात गिअरवर ठेवला. वर माझा हात ठेवला. "क्लच," मी म्हटलं. आम्ही दोघींनी मिळून खाली ओढला, गिअर खटकन बसला, ट्रकनं वेग घेतला, अन् निळा शर्ट माझ्या खिडकीच्या इतका जवळून गेला की मला त्याच्या इस्त्रीचा वास आला.